कासवाला जंताचं औषध देण्याआधी हे वाचा

मंडळी, पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरी काचेच्या टाकीत एखादं कासव आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी मुंबई-पुण्यातल्या आपल्या माणसांना पाठवा, कारण हे प्रकरण सुरू तिकडे होतं आणि येऊन थांबतं आपल्या किनाऱ्यावर.

गेल्या मार्चमधली गोष्ट. कासव महोत्सवाचे दिवस. आमच्याकडे एक कुटुंब उतरलं होतं, आईवडील आणि सातेक वर्षांची मुलगी. सकाळी सहाला किनाऱ्यावर गेलो. जाळीच्या कुंपणात टोपल्या उचलल्या, एका घरट्यातून पंधरा-वीस पिल्लं वर आली होती. दोरीच्या पलीकडे गर्दी, मोबाईल वर. पिल्लं पाण्याकडे निघाली आणि माझ्या शेजारी त्या मुलीने प्लास्टिकचा डबा उघडला. आत हिरवं कासव, कानाजवळ लाल पट्टा. ॲक्वेरियमच्या दुकानात मिळतं ते रेड इअर्ड स्लायडर. वडील म्हणाले, "काका, आमचं पण सोडायचं होतं, या पिल्लांबरोबर. बिचारं टाकीत कंटाळलंय."

मी हात धरून थांबवलं. ते गोड्या पाण्यातलं कासव आहे, समुद्रात टाकलंत तर मरेल. त्याचे पाय वल्ह्यासारखे नाहीत, नखं असलेले पंजे आहेत. आपल्या ऑलिव्ह रिडलेचा आणि त्याचा संबंध आडनावापुरताच. माणसं वाईट नव्हती. मुलगी रडायला लागली. शेवटी आई म्हणाली, "मग तुम्हीच ठेवा ना इथे, विहिरीत वगैरे." आणि दुपारी ते लोक गेले, कासव राहिलं माझ्या पडवीत, घमेल्यात. मुलीने त्याचं नाव बटाटा ठेवलं होतं, तेच मी पुढे चालवलं.

विहिरीत मी सोडलं नाही, एवढं एक बरं केलं. आपल्याकडे विहिरीत कासव सोडायची जुनी रीत आहे, पाणी साफ राहतं म्हणतात. पण ती कासवं इथलीच, तळ्यातून नाहीतर पऱ्यातून आलेली. हे अमेरिकेतलं, मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींची एक यादी आहे, तिच्यात याचं नाव आहे. दुकानात नाण्याएवढं असतं, वीस-तीस वर्षं जगतं आणि मादी फूटभराच्या जवळ जाते. हे विकणारा सांगत नाही. घेणारा दोन-तीन वर्षांनी तळं शोधत फिरतो.

तर बटाटा. पहिला महिना ठीक गेला. एप्रिलच्या शेवटी खाणं कमी झालं, डोळे खोल गेल्यासारखे दिसायला लागले, मान आत घेतल्यावर खांद्याजवळ खळगे पडायला लागले. एक दिवस पाणी बदलताना विष्ठेत पांढरे दोरे दिसले, वळवळणारे. मी मनात म्हटलं, जंत! मग काय, जंताचं औषध द्यायचं. पोरांना शाळेत देतात, शेळ्यांना देतो, कुत्र्याला देतो. दहा फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो, २०१५ पासून दरवर्षी अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोलची गोळी मिळते. आपल्या डोक्यात जंत म्हटलं की एक गोळी, विषय संपला, असं पक्कं बसलंय.

घरात ड्रॉवरमध्ये आयव्हरमेक्टिनची पट्टी होती. तुमच्याही घरात असेल. कोरोनात कोणी घेतली नाही सांगा? मे २०२१ मध्ये गोव्यात तर सरकारनेच अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना ही गोळी देण्याचं जाहीर केलं होतं. तशी ती मुळात जंतांवरची आणि खरजेवरची. ओळखीच्या एकाला फोन केला, शेळ्यांना टोचतो तो. म्हणाला, "अरे तेच दे, जंतावर एकदम जालीम." गोळीचा छोटा तुकडा कुस्करला, झिंग्यात भरला, दिला. त्याने खाल्ला. मला बरंसुद्धा वाटलं, चला, खायला तरी लागला.

दुसऱ्या दिवशी त्याचे मागचे पाय ओढले जात होते. संध्याकाळी मान बाहेर लोंबत होती, हात लावला तरी आत घेत नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी मेला. मेला म्हणजे कधी मेला तेही नीट कळलं नाही, कासवाचं ते तसंच असतं, हळूहळू.

मग मी मुंबईत असे प्राणी बघणाऱ्या एका डॉक्टरांचा नंबर मिळवला. दोन महिने आधी मिळवायला हवा होता. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आयव्हरमेक्टिन दिलंत का?" मी अजून औषधाचं नावही सांगितलं नव्हतं.

आता जे कळलं ते सांगतो, नंतर वाचून आणि विचारून पक्कं केलेलं. आयव्हरमेक्टिन वाईट औषध नाही. जपानमधल्या मातीतल्या एका जिवाणूपासून ते निघालं, त्यासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं, आणि आफ्रिकेत लाखो माणसांचे डोळे त्याने वाचवलेत. ते जंताच्या मज्जातंतूंना लुळं करतं. माणसाच्या, शेळीच्या मेंदूभोवती रक्तातून येणाऱ्या गोष्टी अडवणारी एक भिंत असते, ती हे औषध आत जाऊ देत नाही, म्हणून आपल्याला काही होत नाही. कासवांत ती भिंत या औषधाला पुरत नाही. जंतांबरोबर कासवही लुळं पडतं. पाय जातात, मान जाते, शेवटी श्वासाचे स्नायू. उतारा नाही. पशुवैद्यकांनी हे १९८३ मध्येच छापून ठेवलंय. म्हणजे चाळीस वर्षं जुनी माहिती, आणि ती माझ्या पडवीपर्यंत पोचली नव्हती. साप आणि सरड्यांत हे औषध कधीकधी, मोजून, वापरतात. कासवांत कुठल्याच जातीत नाही. गोड्या पाण्यातलं असो, जमिनीवरचं असो. एवढी एक ओळ जरी तुमच्या लक्षात राहिली तरी ही पोस्ट लिहिल्याचं चीज झालं.

दुसरी गोष्ट जास्त लागली. डॉक्टर म्हणाले, ते पांढरे दोरे कदाचित साधे सूतकृमी असतील, आणि थोड्या प्रमाणात असतील तर कासवाला त्यांचा त्रासही नसतो. पाळलेल्या कासवांत ते इतके सर्रास असतात की थोडे दिसले तर बरेच डॉक्टर औषधच देत नाहीत. मग तो खात का नव्हता? त्यांनी विचारलं, उन्हात ठेवत होता का, पाण्याबाहेर बसायला कोरडा दगड होता का, पाणी किती दिवसांनी बदलत होता? पडवीत ऊन येत नाही. दगड नव्हता. पाणी तीन दिवसांनी. मी गप्प.

सरपटणाऱ्या प्राण्याचं अंग बाहेरच्या उष्णतेवर चालतं. ऊब नसेल तर अन्न पचत नाही, अंगातली ताकद जंतांना आवर घालू शकत नाही, आणि दिलेलं औषधही नीट उतरत नाही. निरोगी असताना जे जंत गप्प असतात तेच कासव थंड पडलं, घाणीत राहिलं की वाढतात. त्यात टाकी लहान. बहुतेक जंतांची अंडी विष्ठेतून पाण्यात, पाण्यातून परत तोंडात. तळ्यात हे चक्र पसरट असतं, टाकीत सतत फिरत राहतं. म्हणून टाकी न बदलता नुसतं औषध देणं म्हणजे गळकी होडी उपसत बसणं.

मग करायचं काय? आधी तपासणी. जंताचं औषध अंदाजाने द्यायचं नसतं, कारण जंत एका जातीचा नसतो. गोल जंतांवर साधारणपणे फेनबेंडाझोल देतात, पट्टकृमींवर प्राझिक्वांटेल, अमिबा आणि तसल्या एकपेशीय जिवांवर मेट्रोनिडाझोल. कॉक्सिडिया नावाचा एक प्रकार आहे, पाळीव सरड्यांत फार, त्याच्यावर यांतलं नेहमीचं जंतनाशक चालतच नाही, वेगळं लागतं. आणि यातलं सुरक्षित समजलं जाणारं फेनबेंडाझोलसुद्धा जास्त झालं तर कासवाच्या रक्तातल्या पेशी घटवतं. मात्रा ग्रॅमवरच्या वजनावर ठरते. मी मुद्दाम मात्रा लिहीत नाहीये. लिहिली तर उद्या कोणीतरी माझ्यासारखाच कुस्करत बसेल.

विष्ठेचा नमुना घेणं सोपं आहे, ते मात्र लिहितो. कासवाला स्वच्छ बादलीत, कोमट पाण्यात, पाय बुडतील एवढ्या, वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. बहुतेक वेळा तिथेच करतं. चमच्याने काढा, झाकणाच्या स्वच्छ डबीत भरा, आणि तीन-चार तासांत पोचवा. वेळ लागणार असेल तर फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यात नाही. पांढरा खडूसारखा भाग असतो तो लघवीचा, त्याचा उपयोग नाही. अमिबा हलताना दिसला तर ओळखायला सोपा जातो, म्हणून ताजेपणा महत्त्वाचा. जंतांची अंडी मिठाच्या किंवा साखरेच्या दाट पाण्यात तरंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. एकदा काही दिसलं नाही म्हणजे नाहीत असं नाही, काही दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा बघावं लागतं. औषध दिल्यावर काही आठवड्यांनी परत एकदा.

टाकी धुवायला उकळतं पाणी. कॉक्सिडियाची अंडी साध्या ब्लीचला दाद देत नाहीत, उकळत्या पाण्याने मरतात. फिनेल नको. आपल्याकडे घर पुसायचं ते टाकीतही ओतणारे आहेत, सरपटणाऱ्यांना ते विषारी आहे. पऱ्यातले मासे, शेतातल्या गोगलगायी पकडून खायला घालू नका, किती तरी कृमी त्यांच्यातूनच येतात. आणि नवीन प्राणी आणला तर जुन्यापासून दोन-तीन महिने वेगळा, त्याची भांडीही वेगळी. साप आणि कासव तर कधीच जवळ नको. एक अमिबा आहे, कासवाच्या पोटात तो काही न करता राहतो आणि सापात गेला की आतडी सडवतो. हे मी सर्पमित्रांनाही सांगतोय. पकडलेले चार साप एका पिंपात दोन दिवस ठेवायचे, त्याच पिंपात परवा कासव होतं, हे मी पाहिलंय. सोडायचा साप त्याच दिवशी सोडा, आणि पिंप प्रत्येक वेळी उकळत्या पाण्याने धुवा.

घरात लहान मूल असेल तर अजून एक. कासवाच्या अंगावर साल्मोनेला असतो, कासव ठणठणीत दिसत असतानासुद्धा. अमेरिकेत मुलं इतकी आजारी पडायला लागली की १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान पाठीच्या कासवांची विक्रीच बंद केली. मुलं लहान कासव तोंडात घालतात म्हणून. आपल्याकडे नेमकं तेच लहान कासव प्लास्टिकच्या माडासकट मुलाच्या वाढदिवसाला देतात. हात साबणाने धुवा, टाकी स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये रिकामी करू नका.

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण ही पोस्ट फक्त आरोग्याची नाही.

आंजर्ल्याला लोक कासवासाठी येतात. २०२२ च्या जानेवारीत आपल्या किनाऱ्यावरच्या मादीच्या पाठीवर उपग्रहाला जोडलेलं यंत्र बसवलं, सावनी नाव ठेवलं, ती कुठवर गेली हे आपण रोज मोबाईलवर बघत होतो. वेळासपासून इथपर्यंत गेल्या वीसेक वर्षांत पोरांनी रात्री जागून अंडी वाचवली. एकेकाळी ती अंडी बाजारात जायची, हे आपल्याला माहीत आहे, लपवण्यासारखं काही नाही. त्याच गावात कासवाचं पोट बिघडलं तर दाखवायला जागा नाही. समुद्री कासव जखमी सापडलं तर वनखात्याला फोन होतो, धावपळ होते, उपचारासाठी डहाणूपर्यंत न्यायची सोय निघते. पण टाकीतल्या कासवाला, सरड्याला कोणीच नाही. आणि मग लोक दोन गोष्टी करतात. मी केलं ते, नाहीतर त्या कुटुंबाला करायचं होतं ते.

सोडून देणं हे जास्त धोक्याचं आहे. आजारी प्राणी एकटा जात नाही, पोटातलं सगळं घेऊन जातो. स्पेनमध्ये तळ्यांत सोडलेल्या अमेरिकन कासवांबरोबर आलेले रक्तातले कृमी तिथल्या स्थानिक कासवांत सापडले. फ्लोरिडात लोकांनी सोडलेल्या अजगरांबरोबर फुप्फुसातला एक परजीवी गेला, आता तो तिथल्या स्थानिक सापांना मारतोय. आपल्या तळ्यांत, विहिरींत मऊ पाठीचं आणि काळं अशी दोन कासवं आहेत. त्यांना या नव्या कृमींची सवय नाही. त्यांच्यात हे शिरलं तर आपल्याला कळणारही नाही, कारण मेलेलं कासव विहिरीच्या तळाशी कोण बघतो?

"गुरांना डॉक्टर वेळेवर मिळत नाही आणि तू कासवांचं काय घेऊन बसलास?" हे मला घरातूनच ऐकवलं गेलं. बरोबर आहे. गाभण म्हैस अडली तर डॉक्टरची वाट बघत रात्र काढलेली माणसं या गावात आहेत. पण मी नवी इमारत मागत नाही, नवं पद मागत नाही. ज्या सूक्ष्मदर्शकाखाली शेणातली यकृतकृमीची अंडी बघतात, त्याच सूक्ष्मदर्शकाखाली कासवाची विष्ठा बघता येते. लागतं ते एक-दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि मुंबईत कोणाला फोन करायचा त्याचा नंबर. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, शिरवळला आहे. वर्षातून एकदा तिथले शिक्षक तालुक्याच्या दवाखान्यात आले तरी पुरे. महोत्सवाच्या दिवसांत आले तर पर्यटकांसमोर बोलतीलसुद्धा, आणि आपल्या कार्यक्रमात समुद्रगीतांपेक्षा ते उपयोगी ठरेल. (समुद्रगीतवाल्यांनी रागावू नये.)

कायद्याचं थोडं बोलायला हवं. चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव घरात ठेवणं गुन्हा आहे. तेच काय, आपल्याकडचं कुठलंही रानटी कासव धरणं गुन्हाच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर स्टार कासव पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड. तरी लक्ष्मी येते म्हणून लोक ठेवतात. आणि वीस नखांचं कासव पैशांचा पाऊस पाडतं म्हणून त्याच्यामागे धावणारे तर वेगळेच, त्यांच्यावर बोलण्यात अर्थ नाही. माझी अडचण दुसरी आहे. लपवून ठेवलेलं कासव आजारी पडलं की माणूस डॉक्टरकडे जात नाही, पकडले जाऊ या भीतीने. मग तेच, ड्रॉवरमधली गोळी. वनखात्याचा १९२६ हा नंबर आहे, फोन करा आणि जमा करा. पण खात्यानेही, माझं मत, आपणहून आणून देणाऱ्या आजीला आणि पोतंभर कासवं विकणाऱ्याला एका मापाने मोजू नये. तसं झालं तर कासवं दारात येतील. नाहीतर रात्री कोणाच्या तरी विहिरीत जातील.

स्लायडरचं उलट आहे. ते परदेशी, म्हणून दुकानात उघड मिळतं. उपद्रवी परक्या जातींच्या व्यापारावर बंधन घालायचा अधिकार त्याच २०२२ च्या दुरुस्तीने केंद्राला दिलाय. तो या कासवासाठी वापरावा असं माझं स्पष्ट मत आहे. बाळगणाऱ्याला त्रास नको, नवीन विक्री बंद. तोपर्यंत विकणाऱ्याने निदान एक कागद द्यावा, किती मोठं होतं, किती वर्षं जगतं, कुठलं औषध द्यायचं नाही.

ज्यांच्याकडे आहे त्यांनी अपराधी वाटून घेऊ नका. ते जगवा, नीट जगवा. ऊन, कोरडा दगड, स्वच्छ पाणी, आणि वर्षातून एकदा विष्ठा तपासणी. एवढ्यात बहुतेक कासवांना औषध लागणारच नाही.

येत्या ग्रामसभेत मी अर्ज देतोय. किनाऱ्यावर फलक लावावा की इथे पाळीव कासव सोडू नये, समुद्रात नाही, खाडीत नाही, विहिरीतही नाही. उतारूंना खोली देताना आम्ही घरवाल्यांनीही हे सांगावं. आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला प्रशिक्षणासाठी गावाचं पत्र जावं. सही करायला तयार असाल तर खाली नाव लिहा, अर्जाची प्रत माझ्याकडे आहे, संध्याकाळी घरीच असतो.

त्या मुलीचा दिवाळीत फोन आला होता, बटाटा कसा आहे विचारायला. मी खरं सांगितलं. तिने थोडा वेळ गप्प राहून विचारलं, "तुम्ही डॉक्टरला का नाही विचारलं?"